अजगराचें पोट आणि धन्याची जबाबदारी

गेल्या महिन्यांत एक सुविद्य व्यापारी गृहस्थ कायद्याचा सल्ला घेण्यासाठीं आमच्याकडे आले होते. त्यांच्या चिरंजीवांनीं अजगर पाळावयाचा असें मनांत घेतलें आहे. परदेशी जातीचें हात-दीड हात लांबीचें पिलूं मिळवून देणारा एक मनुष्यही त्यांना भेटला आहे. तेव्हां त्याची सरकारदरबारीं नोंद कशी करावी, एवढेंच त्यांना आमच्याकडून समजून घ्यावयाचें होतें. आम्हीं त्यांस उलट विचारलें, "आपण त्याला खाऊं काय घालणार?" गृहस्थ हंसून म्हणाले, "वकीलसाहेब, तो महिन्यांतून एकदां खातो म्हणतात. आमच्या घरच्या कुत्र्याला याहून जास्त खर्च येतो." हें उत्तर त्यांनीं कांहीं दुष्टपणानें दिलें नाहीं. पुष्कळ सुशिक्षित माणसांची समजूत हीच असते, आणि ज्या ज्या देशांत मोठे अजगर घरोघर पाळले गेले त्या त्या देशांत अनर्थाची सुरुवात नेमकी याच समजुतींतून झाली आहे. म्हणून त्या एका गृहस्थास दिलेला सल्ला आज सर्व वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें.

भागवतांत अवधूतानें यदुराजास आपले चोवीस गुरु सांगितले, त्यांत अजगर हा एक आहे. जें आपण होऊन समोर येईल त्यावर संतुष्ट राहावें आणि कांहीं न आलें तर स्वस्थ पडून राहावें, हा त्याच्यापासून घेतलेला धडा. संन्याशाला हा धडा शोभून दिसतो. परंतु अजगर पाळणारांनीं त्याचा भलताच अर्थ केला आहे. हा प्राणी उपास सोसूं शकतो, तेव्हां त्याच्या पोटाची चिंता करण्याचें कारण नाहीं, असें ते स्वतःच्या सोयीनें ठरवून बसतात. रानांतला अजगर दैवावर विसंबतो, पिंजऱ्यांतला अजगर धन्यावर विसंबतो, हा भेद त्यांच्या लक्षांत येत नाहीं. दैवाला कोर्टांत खेचतां येत नाहीं. धन्याला येतें, आणि वेळ पडेल तेव्हां आणलेंही पाहिजे.

प्रथम हा प्राणी खातो म्हणजे काय करतो तें पाहूं. ब्रह्मदेशाकडील मोठा अजगर एका वेळीं आपल्या वजनाच्या चतुर्थांशाएवढें भक्ष्य सहज गिळतो. तें पोटांत गेलें कीं त्याच्या शरीरांतील सगळा कारखाना एकदम चालूं होतो. दोन-तीन दिवसांत त्याच्या लहान आंतड्याचें वजन जवळजवळ दुप्पट होतें, यकृत व मूत्रपिंडें वाढतात आणि शरीराचा प्राणवायूचा खर्च अनेक पटींनीं चढतो. अठ्ठेचाळीस तासांच्या आंत त्याचें हृदयसुद्धां सुमारें ४० टक्क्यांनीं वाढतें, असें अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं दाखवून दिलें. अन्न पचल्यावर हीं सर्व इंद्रियें पुन्हां आकसतात. अशा प्राण्याचें जेवण म्हणजे भाकरीचा तुकडा टाकून हात झटकण्याचा प्रकार नव्हे.

शिवाय या कारखान्याची भट्टी बाहेरून पेटवावी लागते. सापाच्या रक्ताला स्वतःची ऊब नसते. पेटीचा एक भाग ३०-३२ अंश उष्ण व दुसरा त्याहून थंड ठेवून, कोठें पडावें हें त्या प्राण्यावर सोंपवावें लागतें. पुरेशी ऊब न मिळाली तर पोटांतलें भक्ष्य पचण्याऐवजीं कुजूं लागतें व तो तें ओकून टाकतो. थंडी फार दिवस राहिली तर त्याच्या फुप्फुसांस रोग जडतो. उलट उष्णतेचा दिवा वा तापलेली फरशी त्याच्या अंगास थेट लागली तर तो तेथून हलत नाहीं आणि भाजून निघतो. जेवल्यावर कांहीं दिवस त्याला हातही लावूं नये. घाबरला तरी तो खाल्लेलें ओकतो. आमच्याकडे खेड्यांत शेळी गिळून पडलेल्या अजगराभोंवतीं जमाव जमतो, आरडाओरड होते, मोबाइलवर चित्रें घेतलीं जातात आणि अखेर तो बिचारा शेळी टाकून पळतो. शेळीही गेली आणि त्याचें महिन्याचें जेवणही गेलें, असा हा दुहेरी तोटा असतो.

उपासाचीही एक विद्या आहे. या अजगराची मादी अंडीं घातल्यावर त्यांना वेटाळून सुमारें दोन महिने बसते, अन्नास बहुधा शिवत नाहीं आणि अंगाचे स्नायु थरथरवून अंड्यांना ऊब देते. कलकत्त्यास राहिलेल्या एका फ्रेंच गृहस्थानें १८३२ सालीं ही गोष्ट पॅरिसच्या विद्वानांस कळविली तेव्हां त्यांनीं ती झिडकारली. पुढें १८४१ सालीं पॅरिसच्याच प्राणिसंग्रहांत एका मादीनें सर्वांच्या डोळ्यांदेखत अंडीं उबविलीं, तेव्हां ती खरी ठरली. या प्राण्याचा उपास केव्हां निसर्गाचा असतो व केव्हां रोगाचा, हें ओळखण्यास डोळे लागतात. ज्याला तो फरक कळत नाहीं तो एक तर आजारी जनावराला "खाईल आपलें केव्हां तरी" म्हणून मरूं देतो, नाहीं तर निरोगी जनावराच्या घशांत बळेंच भक्ष्य कोंबतो.

आतां धन्याच्या दोन मुख्य अपराधांकडे वळूं. पहिला अपराध अति चारण्याचा. वाचकांस नवल वाटेल, पण मोठ्या अजगरांच्या बाबतींत लोभाचें खरें रूप येथें दिसतें. ब्रह्मी अजगराचें पिलूं जन्मतः सुमारें दोन फुटांचें असतें. त्याला मोठमोठें भक्ष्य थोड्या थोड्या दिवसांनीं चारीत गेलें तर तें झपाट्यानें वाढतें आणि तमाशाला व विक्रीला लवकर तयार होतें. पण ज्याला हिंडण्यास जागा नाहीं त्याच्या अंगीं गेलेलें अन्न चरबी होऊन सांचतें, यकृत मेदानें भरतें आणि अंगाची घडण बिघडते. पूर्ण वाढलेल्या मोठ्या अजगरास तीन-चार किंवा अधिकही आठवड्यांनीं एकदां बेताचें भक्ष्य पुरतें. त्याहून जास्त चारलें जातें तें अनेकदां पाहणारांच्या डोळ्यांच्या भुकेसाठीं.

या डोळ्यांच्या भुकेचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेचे एक वेळचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं ३० फुटांहून लांब जिवंत साप आणणारास १,००० डॉलरांचें बक्षीस लावलें. न्यूयॉर्कच्या प्राणिसंस्थेनें तें वाढवीत वाढवीत ५०,००० डॉलरांवर नेलें. अखेर २००२ सालीं तें मागें घेतलें गेलें, तोंपर्यंत तें कोणासही मिळालें नाहीं. मात्र मधल्या काळांत कागदावरचे साप खूप वाढले. अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांत 'बेबी' नांवाची ब्रह्मी अजगराची मादी प्रदर्शनांत होती. तिची लांबी २७ फूट म्हणून सांगितली जात असे. ती मेल्यावर फीत लावून पाहिली तेव्हां ती १८ फूट १० इंच भरली. पिट्सबर्गच्या प्राणिसंग्रहांतील 'कोलोसस' नांवाचा अजगर साडेअठ्ठावीस फुटांचा म्हणून पुस्तकांतून गाजला. त्याचा जपून ठेवलेला सांगाडा २१ फुटांच्याही आंत निघाला. जावा बेटांत एका उद्यानानें २००३ सालाच्या अखेरीस जवळजवळ १५ मीटर लांबीच्या अजगराची दवंडी पिटली. लौकरच एका इंग्रजी वर्तमानपत्राचा बातमीदार फीत घेऊन गेला, तों तो प्राणी ७ मीटरही भरेना. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, ही म्हण आम्ही माणसांस लावतों. येथें ती मुक्या जनावरांच्या धन्यांस लावावी लागते.

वजनाचीही गोष्ट ऐका. कॅन्सस शहरांतील 'मेड्यूसा' ही जाळीदार अजगराची मादी २०११ सालीं मोजली गेली. ती २५ फूट २ इंच लांब व १५८ किलोंहून किंचित् जड भरली, आणि बंदिवासांतील सर्वांत लांब साप म्हणून तिची नोंद झाली. वर सांगितलेली 'बेबी' लांबीनें तिच्याहून सहा फूट आंखूड असून वजनानें १८२ किलो होती. दोघींच्या जाती निराळ्या आणि ब्रह्मी जात मुळांत अंगानें जाड, हें आम्ही मान्य करतों. तरी तागडीशीं रोजचा संबंध असलेल्या आमच्या व्यापारी वाचकांस या दोन आंकड्यांवरून जें उमगेल तें आम्हीं सांगण्याची गरज नाहीं. मारवाड्याच्या चोपडींत असली जमा दिसली तर कोणीही विचारील कीं, हा माल कशासाठीं भरला?

दुसरा अपराध उपाशी ठेवण्याचा, आणि त्याचा हिशेब कधीं कधीं मनुष्याच्या रक्तानें चुकवावा लागतो. अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थानांत २००९ सालच्या जुलैमध्यें एका घरांत पाळलेला ब्रह्मी अजगर रात्रीं पेटींतून निसटला व पाळण्यांत निजलेल्या दोन वर्षांच्या मुलीला वेटोळें घालून त्यानें ठार केलें. तो साडेआठ फुटांच्या सुमाराचा, म्हणजे त्या जातीच्या मानानें लहानच होता. पण हाडें निघालेला होता. त्याच्या कांचेच्या पेटीवर झांकण म्हणून गोधडी बांधलेली होती. महिन्याभरापूर्वीं रस्त्यावर मेलेली एक खार त्याला मिळाली होती, तेवढेंच त्याचें अखेरचें जेवण, असें चौकशींत बाहेर आलें. मुलीची आई व त्या अजगराचा धनी अशा दोघांना २०११ सालीं ज्यूरीनें दोषी ठरविलें आणि प्रत्येकीं बारा वर्षांची शिक्षा झाली. "तो महिन्यांतून एकदां खातो" हें वाक्य ज्यांनीं हंसत हंसत उच्चारलें असेल त्यांनीं ही हकीकत एकदां शांतपणें वाचावी.

भूक हेंच एक कारण नव्हे, हेंही आम्ही सांगून टाकतों. कॅनडांतील न्यू ब्रन्सविक प्रांतांत २०१३ सालच्या ऑगस्टांत एक आफ्रिकी अजगर आपल्या कोंडवाड्यांतील वाऱ्याच्या नळींत शिरला व खालच्या खोलींत पडून त्यानें चार व सहा वर्षांच्या दोन मुलांचा प्राण घेतला. धन्यावर खटला झाला, परंतु ज्यूरीनें २०१६ सालीं त्यास निर्दोष सोडलें. इंग्लंडांत २०१७ सालीं एक तरुण मनुष्य आपल्याच लाडक्या आफ्रिकी अजगरानें गुदमरून मेला. त्या देशांतील १९७६ चा घातक जनावरांचा कायदा विषारी सापांस परवान्याखालीं आणतो, पण मोठ्या अजगरांस मोकळे सोडतो. कायद्याला विष दिसतें, बळ दिसत नाहीं. तथापि त्याच देशाच्या २००६ च्या प्राणिहिताच्या कायद्यानें एक मोठी गोष्ट केली. प्रत्येक पाळलेल्या कणायुक्त प्राण्याला योग्य जागा, योग्य आहार, आपल्या स्वभावानें वागण्याची मोकळीक, आपल्या जातींत वा एकटें राहण्याची सोय आणि दुःख-रोगांपासून संरक्षण द्यावें, ही जबाबदारी त्यानें पाळणारावर घातली. यांत क्रूरतेचा हेतु सिद्ध करण्याची वाट पाहावी लागत नाहीं. हेळसांड हाच अपराध ठरतो.

कोणी म्हणेल कीं, नाहीं झेपलें तर रानांत सोडून द्यावा, त्यांत काय बिघडलें? याचें उत्तर फ्लोरिडाची दक्षिणेकडील दलदल देत आहे. १९९६ ते २००६ या काळांत अमेरिकेंत सुमारें ९९ हजार ब्रह्मी अजगर आयात झाले. बोटाएवढ्या जाडीचें पिलूं स्वस्तांत मिळालें. पुढें तें माणसाहून जड झालें. पिंजरा पुरेना, ससे परवडेनात. पाळणारांनीं सोडलेल्या वा त्यांच्याकडून निसटलेल्या अजगरांनीं त्या दलदलींत वंश थाटला, आणि २००० सालापर्यंत तेथें त्यांची वसाहत पक्की झाल्याचें मान्य करावें लागलें. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत रस्त्याच्या कडेला दिसणारे रॅकून ९९ टक्क्यांनीं, ऑपॉसम ९८ टक्क्यांहून अधिक व बॉबकॅट नांवाचें रानमांजर ८७ टक्क्यांनीं घटल्याचें आढळलें. आपल्या घरांतील एक पोट भरण्याचा कंटाळा आला म्हणून सबंध प्रांताचें रान त्या पोटाच्या स्वाधीन झालें.

कायदा मागून धांवत आला. २००६ पासून दंडाविना असलीं जनावरें परत घेण्याचे दिवस नेमण्यांत आले. २०१२ सालीं केंद्र सरकारनें ब्रह्मी व इतर कांहीं मोठ्या अजगरांची आयात बंद केली, २०१५ सालीं जाळीदार अजगर त्या यादींत आला. परंतु २०१७ सालीं वरिष्ठ न्यायालयानें ठरविलें कीं, संस्थाना-संस्थानांमधील वाहतूक थांबविण्याचा अधिकार त्या जुन्या कायद्याच्या शब्दांत नाहीं. शेवटीं २०२१ सालीं फ्लोरिडानें असे प्राणी हौसेसाठीं पाळणें व विक्रीसाठीं त्यांची पैदास करणें स्वतःच बंद केलें. आयात करणारानें पैसा केला, दुकानदारानें पैसा केला, पाळणारानें मौज केली, आणि बिल मात्र करदात्याकडे गेलें. व्यापाराच्या भाषेंत याला नफा खाजगी व तोटा सार्वजनिक असें म्हणतात.

आतां आपल्या घरीं काय स्थिति आहे? आपला देशी अजगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत असल्यामुळें तो घरीं ठेवणें हा सरळ गुन्हा आहे. परदेशी जातींचा प्रश्न पुष्कळ वर्षें मोकळाच पडला होता. २०२० सालीं सरकारनें अशा जनावरांची माहिती आपण होऊन द्यावी असें लोकांस सुचविलें; २०२२ च्या दुरुस्तीनें, आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींतील जिवंत प्राण्यांची नोंद सक्तीची केली; २०२४ सालीं त्याचे नियम निघाले. अजगरांचें सगळें कुळच त्या करारांत असल्यामुळें पाळलेल्या प्रत्येक परदेशी अजगराची नोंद झाली पाहिजे. हें पाऊल उचलल्याबद्दल सरकारचें आम्ही अभिनंदन करतों. पण नोंद म्हणजे संगोपन नव्हे. जन्माचा दाखला काढला म्हणून मुलाचें पोट भरत नाहीं. शिवाय बँकॉकहून येणाऱ्या उतारूंच्या सामानांत कोंबलेले साप मुंबईच्या विमानतळावर पकडले गेले आहेत. जे पकडले जात नाहींत त्यांची नोंद कोण करणार?

संगोपनाची बाब १९६० च्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्यांत आहे, आणि तो कायदा वाचून आम्हांस अभिमान व लज्जा हीं दोन्ही एकदमच वाटतात. अभिमान यासाठीं कीं, तिसऱ्या कलमानें ज्याच्या ताब्यांत जनावर आहे त्याच्यावर त्याचें हित पाहण्याचें कर्तव्य घातलें आहे. अकराव्या कलमानें अपुरें अन्न-पाणी-निवारा देणें, आणि हालचाल करतां येणार नाहीं अशा आंखूड पिंजऱ्यांत ठेवणें, हे गुन्हे ठरविले आहेत. इतकेंच नव्हे, तर केवळ करमणुकीसाठीं एका प्राण्याला कोंडून दुसऱ्याचें भक्ष्य करणें हाही त्याच कलमाखालीं गुन्हा आहे. जिवंत ससा अजगरापुढें टाकून तमाशा दाखविणारांनीं व त्याचीं चलच्चित्रें पसरविणारांनीं हें नीट लक्षांत घ्यावें. लज्जा यासाठीं कीं, पहिल्या अपराधास १९६० च्या या कायद्यानें ठरविलेला दंड १० ते ५० रुपये आहे. पन्नास रुपयांत अजगराचा एक ससासुद्धां येत नाहीं! ज्याला एक वेळचें जेवण घालण्यापेक्षां उपाशी ठेवण्याचा दंड स्वस्त पडतो, त्याला कायदा स्वतःच कोणता मार्ग सुचवितो?

सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालच्या बैलांच्या शर्यतींच्या खटल्यांत भूक-तहान, भीति, अस्वस्थता, दुखणें व स्वभावाचा कोंडमारा यांपासून प्राण्यांस मोकळीक असली पाहिजे, हें तत्त्व भारतीय कायद्यांत वाचून दाखविलें. बैल, घोडा, कुत्रा यांच्या बाबतींत आपल्या मनाला तें पटतें, कारण त्यांचें ओरडणें आपणांस ऐकूं येतें. अजगराला ओरडतां येत नाहीं. लहान पेटींत दुमडलेला अजगर समाधानानें निजला आहे असें आपणच ठरवितों. जागा मिळाली तर तोही अंग सरळ ताणतो, पाण्यांत पडून राहतो, आडोसा शोधतो. राज्यघटनेनें १९७६ सालापासून नागरिकांचें कर्तव्य म्हणून सर्व सजीवांविषयीं दया सांगितली आहे. ती केवळ गोजिरवाण्या सजीवांपुरती सांगितलेली नाहीं.

येथें एक आक्षेप आम्हांस आदरानें विचारांत घेतला पाहिजे. आमचे वैष्णव व जैन वाचक विचारतील कीं, एका सापाचें पोट भरण्यासाठीं शेंकडो ससे-उंदीर मारावयाचे, ही कसली भूतदया? आक्षेप खरा आहे, आणि त्याला पळवाट नाहीं. अजगर धान्य खात नाहीं, दूधही पीत नाहीं. नागपंचमीस वाटी पुढें करून आम्ही पुण्य जोडलें असें मानतों, पण तें दूध तहानेनें व्याकुळ केलेल्या सापाच्या पोटांत रोगच घालतें. श्रद्धेनें चुकीचें खाऊं घालणारा आणि हौसेनें चुकीचें खाऊं घालणारा, या दोघांचा हेतु निराळा असला तरी जनावराच्या पोटाला तो कळत नाहीं. तात्पर्य, जो अजगर ठेवतो तो अजगराच्या जिवाचें आणि त्याच्यासाठीं मरणाऱ्या प्रत्येक जिवाचें, असें दुहेरी ऋण डोक्यावर घेतो. तें भक्ष्य आधींच, शक्य तितक्या कमी वेदनेनें मारलेलें असावें. त्यांत अजगराचेंही हित आहे, कारण पेटींत सोडलेला जिवंत उंदीर भूक नसलेल्या सापाला हाडापर्यंत कुरतडतो. आणि ज्याला हें ऋण पेलावयाचें नसेल त्यानें अजगर ठेवूंच नये. आमच्या मतें भूतदयेचा खरा निकाल हाच आहे.

तर मग प्राणिसंग्रहालयांतही अजगर नकोत काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. जखमी जनावरांचा सांभाळ, अभ्यास व लोकशिक्षण यांसाठीं जाणत्या माणसांच्या हातीं असलेल्या संस्था पाहिजेत. पण तेथेंही कांचेवर थापा मारून निजलेल्या अजगराला उठविणारे महाभाग आपल्यांतलेच असतात. प्राणिसंग्रहालयांतील जनावरास छळणें वा गोंगाटानें त्रास देणें हा १९७२ च्या कायद्याच्या ३८-जे या कलमान्वयें गुन्हा आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्या वडील मंडळींनीं तिकीट काढतांना हेंही स्मरणांत ठेवावें.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. पहिली ही कीं, नोंदणीच्या वेळीं जनावराच्या नांवाबरोबर त्याचा पिंजरा किती लांब-रुंद, उष्णतेची व्यवस्था काय, वीज गेली तर पर्याय काय, भक्ष्य कोठून येणार आणि सापांवर उपचार करणारा पशुवैद्य कोण, हें लिहून घ्यावें, आणि वर्षांतून एकदां कोणी तरी जाऊन पाहावें. दुसरी, ज्यांची वाढ दहा फुटांपलीकडे जाते असे अजगर खाजगी घरांत ठेवण्यास यापुढें परवानगीच असूं नये. जे आधींच घरांत आहेत ते दंडाविना सोंपवून देण्याची सोय सरकारनें करावी, म्हणजे ते रातोरात ओढ्याकांठीं सुटणार नाहींत. तिसरी, १९६० च्या कायद्यांतील दंडाची रक्कम आजच्या किंमतीस आणावी. चौथी मागणी आमच्या व्यापारी बंधूंकडे आहे. विकतांना दोन फुटांच्या पिलाबरोबर त्याचे पुढील वीस-पंचवीस वर्षांचे ससे, त्याची खोली आणि त्याला हाताळण्यास लागणारीं दोन माणसें हींही गिऱ्हाइकास सांगितलीं पाहिजेत. मालाचा दोष लपवून विकणें ही लबाडी आहे, हें बाजारांत सर्वांस मान्य आहे. मालाची भूक लपवून विकणें ही त्याहून हलकी लबाडी आहे काय?

आमच्याकडे आलेल्या गृहस्थांस आम्हीं हेंच सांगितलें. नोंदणीचा अर्ज कसा भरावा तेंही सांगितलें, कारण तें आमचें काम होतें. मग एक कागद पुढें करून त्यावर पुढील वीस वर्षांचा खर्च मांडावयास त्यांस विनंती केली, आणि शेवटच्या रकान्यांत, मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं गेल्यावर या प्राण्याचें पोट कोण भरणार, त्याचें नांव लिहा, असें सुचविलें. गृहस्थ हिशेबी होते; त्यांनीं कागद घडी करून खिशांत ठेवला व "घरीं विचारतों" म्हणून निघून गेले. ज्या ज्या घरांत आज असला विचार चालला असेल तेथें प्रथम तो शेवटचा रकाना भरला जावा. त्यांत लिहावयास नांव सांपडलें नाहीं, तर पिलूं जेथें आहे तेथेंच राहूं द्यावें.